ही वस्तू विमानाची नाही

बिराजदार सर मुलाकडे हैदराबादला राहायला गेले, तेव्हा त्यांच्या ओसरीतल्या वस्तूंचं काय करायचं हे ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं. असली कामं माझ्याकडेच येतात. लातूरच्या आमच्या शाळेत मी मुख्य लिपिक आहे, आणि कुठलीही वस्तू हरवली, उरली किंवा कुणाला नकोशी झाली की लोकांना माझी आठवण होते. मी सतरंजी टाकून बसले आणि ढिगाचे गट पाडले. मोटेची चाकं. ऑइल इंजिनचे भाग. साखर कारखान्यातल्या झडपा. एसटीचे भाग. शिवणयंत्रं. 'इतर' या गटात दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीचा एक हात आणि बँडवाल्याच्या तुतारीचं तोंड होतं. शेवटी एक जागा मी विमानाच्या भागांसाठी मोकळी ठेवली होती. ती मोकळीच राहिली.

ज्या माणसाला लातुरात लहानथोर सगळे 'विमान सर' म्हणत, त्याच्या घरात विमानाचा एक स्क्रूसुद्धा निघाला नाही. ज्यांना हे विचित्र वाटेल, त्यांनी सर पाहिलेले नाहीत.

सर आमच्याकडे विज्ञान शिकवायचे. उंच, कोरडे, खांदे जरा पुढे आलेले, आणि आवाज असा की वर्गाचं दार बंद असलं तरी शेजारच्या वर्गाचाही धडा व्हायचा. गळ्यात दोन दोरे. एका दोऱ्याला इष्टलिंगाची चांदीची डबी, दुसऱ्याला लोहचुंबक. नव्या शिक्षकांना त्याचं नवल वाटायचं. सर समजावून सांगायचे, "देव सगळ्याला चिकटतो. चुंबक फक्त लोखंडाला चिकटतं. माणसाला दोन्हीची गरज लागते."

दुसऱ्या महायुद्धातली विमानं हा त्यांचा विषय. कुठल्या विमानाला किती पंख, कुठलं शिकाऊ, कुठलं लढाऊ, शेपटीचं चाक कुठलं वळतं आणि कुठलं वळत नाही, हे ते न विचारता सांगत. युद्ध संपल्यावर निकामी विमानं वितळवून त्यांची भांडी झाली, असं कुठंतरी वाचल्यापासून त्यांना लग्नात नीट जेवता येईना. वरणाचं पातेलं जुनं दिसलं की ते बोटाच्या पेरानं टकटक वाजवत, मान तिरकी करून ऐकत, आणि वाढप्याला म्हणत, "हे कदाचित उडालेलं असेल." वाढपी घाबरून पातेल्यात बघायचा. एकदा बक्षीस समारंभात पाहुण्यांचं भाषण चालू असताना त्यांनी व्यासपीठावरची समई वाजवून पाहिली. पाहुण्यांना वाटलं, वेळ संपल्याची खूण आहे. ते खाली बसले. समारंभ वेळेत संपला, म्हणून मी सरांना काही बोलले नाही.

निवृत्त झाल्यावर दर रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीत दरबार भरू लागला. मराठवाड्यात कुणाच्या शेतात नांगराला काही लागलं, कुणाच्या माळ्यावर काही सापडलं, की लोक ते पोत्यात घालून सरांकडे आणत. त्यांच्या मोबाइलवर देशोदेशीच्या विमानवेड्यांचा एक ग्रुप होता. तिकडे वस्तूंचे फोटो जायचे, तिकडून मतं यायची, आणि सर ती वाचून म्हणायचे, "हे लोक फार लवकर हो म्हणतात."

सर लवकर हो म्हणत नसत. खरं तर ते कधीच हो म्हणत नसत. त्यांचे तीन प्रश्न होते आणि तिन्हींची उत्तरं बरोबर आली तरच वस्तू पास. पहिला प्रश्न चुंबकाचा. विमानाचं अंग हलकं, ॲल्युमिनियमच्या जातीचं, त्याला चुंबक चिकटत नाही. दुसरा प्रश्न बोल्टाचा. विमानाच्या बोल्टाच्या डोक्याला आरपार बारीक भोक असतं आणि त्यातून तार ओवून ती बांधलेली असते. का, ते सर सांगायचे: "ट्रॅक्टरचा बोल्ट गळाला तर ड्रायव्हर खाली उतरून उचलतो. वर कुठं उतरणार?" तिसरा प्रश्न नंबरचा. प्रत्येक भागावर ओतताना किंवा ठोकून काढलेला नंबर असतो. तो पूर्ण वाचता आला पाहिजे. अर्धा नंबर म्हणजे नापास.

"सर, अर्ध्याला अर्धे मार्क द्या की," मी एकदा म्हणाले.

"शोभाताई, अर्धं विमान उडतं का?"

एका रविवारी मुखेडचा एक शेतकरी बॉम्ब घेऊन आला. म्हणजे तो स्वतः त्याला बॉम्ब म्हणत होता. मांडीएवढं लोखंडी नळकांडं, एका बाजूला निमुळतं, पोत्यात गुंडाळलेलं. एसटीत त्यानं ते मांडीवर घेतलं. कंडक्टरनं तिकीट काढताना विचारलं, "पोत्यात काय हाय?" यानं खरं ते सांगितलं. "बॉम्ब हाय. पण जुना हाय." मग त्या गाडीत काय झालं ते त्यानं आम्हाला अगदी रंगवून सांगितलं. शेजारचा उठला, मागचा उठला, पुढं बसलेल्या बायका ड्रायव्हरच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या. कंडक्टर म्हणाला, उतर. हा म्हणाला, तिकीट काढलंय. कंडक्टर म्हणाला, मग हलवू तरी नको.

"सर, आजवर मुखेडहून लातूरला मी कधी बसून आलो न्हाई. आज पाय पसरून आलो."

सरांनी पोतं सोडलं. चुंबक टकदिशी चिकटलं. सरांनी नळकांड्याच्या तोंडाचा वास घेतला, फिरवून बुडाशी पाहिलं, आणि चष्मा काढला.

"हे गोटी सोड्याच्या गॅसचं नळकांडं आहे. पूर्वी सोडा वॉटरच्या कारखान्यात असायचं."

"सोडा?"

"सोडा. लेमन पण असेल."

त्या माणसाचा चेहरा इतका उतरला की सरांच्या बायकोनं न विचारता चहा टाकला. तो म्हणाला, "सर, आख्ख्या गावात सांगून निघालोय. आता जाऊन काय सांगू, सोडा हाय म्हणून? लोक बाटली घेऊन येतील." सर विचारात पडले. मग आत जाऊन त्यांनी शाळेच्या अक्षरात एक कागद लिहून आणला. 'प्रमाणपत्र. ही वस्तू विमानाची नाही, पण जुनी आहे.' खाली सही, तारीख. मुखेडकरानं तो दोनदा वाचला, घडी करून टोपीत ठेवला, आणि नळकांडं ओसरीतच सोडून गेला. जाताना मात्र उभं राहून जावं लागणार, याचं त्याला वाईट वाटत होतं.

तेव्हापासून प्रमाणपत्राची पद्धत पडली. मी त्याचा नमुना टाइप करून शाळेच्या झेरॉक्सवर प्रती काढून दिल्या. 'नाही'ची जागा मोकळी ठेवू का, असं विचारलं होतं. सर म्हणाले, छापूनच टाका.

ते एकदाच हो म्हणाले, त्याला मी साक्षी आहे. माझं माहेर नांदेडचं. भावाकडे निघाले होते, तर सर म्हणाले, मीही येतो, तिथल्या भंगार बाजारात रऊफभाईंनी विमानाचा पंखा आलाय म्हणून कळवलंय. रऊफभाई म्हणजे सरांचे जुने ओळखीचे. दुकानात गेलो तर एका कोपऱ्यात माणसाच्या उंचीचा लाकडी पंखा उभा होता. दोन पाती, मधे भोक, वळण असं सुरेख की मलासुद्धा हात लावावासा वाटला.

"देखो सर," रऊफभाई म्हणाले, "अंग्रेज के टाइम का. असली हवाई जहाज का पंखा. मैं तो किसीकू दिया नै, आपके वास्ते रख्या."

सरांनी चुंबक बाहेरही काढलं नाही. लाकडाला चुंबक काय करणार? बोल्ट निघून गेलेले, त्यामुळे दुसरा प्रश्न बाद. नंबर असला तर रंगाखाली असणार. सर पंख्याच्या कडेवरून तळवा फिरवत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "हो. हे असू शकतं."

"असू शकतं नै सर, हैच," रऊफभाई म्हणाले, आणि उत्साहाच्या भरात त्यांनी दुकानातल्या पोराला पाणी आणायला लावून पात्याची मागची बाजू धुवायला घेतली. धुळीखालून आधी गुलाबी रंग आला. मग पिवळी अक्षरं आली. गणेश मंडळाचं नाव, आणि त्याखाली 'देखावा : पुष्पक विमान'.

 रऊफभाईंनी फडकं पिळलं. "सर," ते म्हणाले, "विमान तो विमान है. रावण का सही."

परतीच्या गाडीत सर खिडकीकडे तोंड करून बसले. मी भावानं दिलेले पेरू पुढे केले, घेतले नाहीत. लोहा गाव सुटल्यावर ते एकदम म्हणाले, "ताई, मला विमानाचं वेड आहे असं तुम्हाला वाटतं ना? नाही. मला एकच विमान पाहिजे."

ते निलंग्याजवळच्या त्यांच्या गावात, त्यांच्याच शेतात उतरलेलं होतं. उतरलेलं म्हणजे पडलेलं. युद्धाचा काळ. सरांचे वडील, ज्यांना सगळे बापू म्हणत, तेव्हा गुरं राखायच्या वयाचे होते. निलंग्याची जत्रा होती, गाव सगळं दोन दिवसांसाठी जत्रेला गेलेलं. बापूंनी पाहिलं, की एक दोन मजली पंखांचं विमान फडफडत आलं, बाभळीला घासलं आणि तुरीत तोंड खुपसून थांबलं. आतून एक गोरा निघाला, त्यानं बापूंकडे हातानं पाणी मागितलं, आणि बापूंनी त्याला आपल्या मडक्यातली आंबिल दिली. त्यानं ती प्यायली आणि तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी शिपायांची मोटार आली. त्यांनी खिळासुद्धा न ठेवता सगळं उचलून नेलं, तुडवलेली तूर तेवढी ठेवली. जत्रेहून परतलेल्या गावानं तूर पाहिली आणि ठरवलं, की पोरानं गुरं पिकात घातली आणि आता विमानाचं नाव सांगतो.

"आयुष्यभर सांगत राहिले," सर म्हणाले. "लग्नात, बारशात, कुणाच्या मयताला गेले तरी. लोक आधी हसायचे, मग ऐकवायला लावून हसायचे. आमच्या घराचं नावच विमानवाले पडलं. शेजारच्या शेतातले दिगंबर तात्या अजून दर वर्षी मला बघितलं की विचारतात, काय गुरुजी, उतरलं का विमान? बापू गेले तेव्हा खांदा द्यायला आलेल्यातला एक जण म्हणाला, आता वरून विमान आलं असेल न्यायला. सगळे हसले. मीपण हसलो. काय करणार?"

मी विचारलं, "म्हणून तुम्ही कुणाला हो म्हणत नाही?"

"मी सोड्याच्या बाटलीला हो म्हणालो, तर बापूंच्या विमानाला किंमत काय राहील?" सर म्हणाले, आणि मग पेरू घेतला.

ही गोष्ट कळल्यावर मी त्यांच्या दरबाराची जास्त मनापासून व्यवस्था बघू लागले. निलंग्याच्या बाजूनं येणाऱ्यांना आधी बसवायचे. त्या दिवाळीच्या सुट्टीत शाळेतले जुने संगणक मोडीत निघाले, त्यातलं एक चपटं चुंबक मी सरांना दिलं. आधीचं रेडिओच्या कर्ण्यातलं होतं, दमलेलं. हे नवं इतकं जोरदार, की आमच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटांजवळून जाताना सर तिरके चालल्यासारखे दिसत.

मग वेळा अमावस्येला त्यांनी मला शेतावर बोलावलं. आमच्या या भागात त्या दिवशी घराला कुलूप आणि सगळं गाव रानात. ज्वारीच्या पिकात कडब्याची कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव बसवायचे, पूजा करायची, आणि भाज्या-दाण्यांची पातळ भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिल असं जेवून दिवस काढायचा. सरांच्या शेताची मालकीण खऱ्या अर्थानं त्यांची मोठी बहीण, गंगाक्का. लवकर विधवा होऊन त्या माहेरी आल्या आणि शेत त्यांनीच राखलं. सरांना त्या तम्मा म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. तम्माचं वय सत्तरीकडे चाललंय, हे त्यांना मान्य नव्हतं.

"ह्या तुमच्या ऑफिसातल्या बाई व्हय?" त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "बरं झालं आल्या. ह्याला जरा सांगा, विमान सोड, ज्वारीकडं बघ."

कोप सुरेख झाली होती. आत पाच पांडव ओळीनं, पांढरे शुभ्र, वर तांबडी काव लावलेले. चार साधे दगड. पाचवा सहदेव जरा वेगळा, पाय दुमडून बसल्यासारखा. त्यांना चुना लावायचं काम घरातल्या बायकांचं. पुरुषांनी कोप बांधायची, नैवेद्य झाला की नमस्कार करायचा, बाकी हात लावायचा नाही, अशी त्यांच्या घरची रीत.

सर उघड्या अंगानं, धोतर नेसून कोपीत वाकून शिरले. धर्मराजापासून एकेकाला डोकं टेकवत सहदेवापाशी आले. डोकं टेकवलं, आणि ते वर येईना.

आम्ही बाहेर उभे. आधी वाटलं भक्ती आहे. मग वाटलं जास्त भक्ती आहे.

"तम्मा, पुरे की आता," अक्का म्हणाल्या. "देव काय पळून चाललाय व्हय? भज्जी गार होऊन राहिली."

"अक्का," खालून आवाज आला, "मला उठता येईना."

"गुडघा धरला का?"

"गुडघा न्हाई. सहदेवानं धरलंय."

मी वाकून पाहिलं. सरांच्या गळ्यातला दोरा ताठ झाला होता आणि चुंबक सहदेवाच्या कमरेला गच्च चिकटलं होतं. सर जरा वर झाले की सहदेव त्यांच्याबरोबर जागचा उचलला जात होता. देव उचलणं बरं नव्हे म्हणून सर परत खाली जात होते. दगड असा उचलला जात नाही, हे माझ्या आणि सरांच्या एकदमच लक्षात आलं.

"कात्री आणा गं, दोरा कापा," अक्का म्हणाल्या.

"कुणी हात लावायचा नाही!" सर वर्गातल्या आवाजात ओरडले. बांधावरची सगळी भावकी वर्गातल्यासारखी सावरून बसली. सरांनी नाक देवाला लावलेल्या अवस्थेतच बोटाच्या पेरानं सहदेवाला वाजवलं. टक टक. मान तिरकी केली. मग गळ्यातला दोरा डोक्यावरून काढून ते बाजूला बसले. त्यांच्या कपाळाला चुना लागला होता.

"अक्का, हा सहदेव कुठनं आणला?"

"आणलाय कशाला? आज्जीनं बसवलाय, बापूंच्या आईनं. वरनं पडला."

"वरनं म्हंजे कुठनं?"

"आभाळातनं. आज्जी सांगायची, गाव जत्रेला गेलं तवा ती घरीच व्हती, मोठा आवाज झाला, अन् तुरीत देव पडलेला दिसला. दुसऱ्या दिवशी शिपाई शेत चाळायला आले. आज्जीनं आदल्या सांजंलाच चुना फासून त्याला पांडवांत बसवला होता. देव कुणी सरकारला देतं का?"

सरांनी कपाळावरचा चुना पुसला. "बापूंना माहीत होतं?"

"चुन्याचं काम बायकांचं. बाप्यांना कशाला सांगायचं? आज्जी भ्यालेली, शिपाई परत येतील म्हणून. मला सांगितलं तेपण शपथ घालून."

"अक्का, मी उभ्या जन्मात सगळा मराठवाडा धुंडाळला. मला का न्हाई सांगितलं?"

"तू विचारलंस का कधी?" अक्का खरोखरच रागावल्या. "तू विमानाचं विचारत फिरत व्हतास. हा देव हाय."

सर परत सहदेवाकडे वळले.  त्यांचे तीन प्रश्न होते, आणि ते विचारायचे तर चुना निघायला हवा होता. सरांनी खुरप्याकडे नुसतं पाहिलं तशा अक्का कोपीच्या तोंडाशी आडव्या उभ्या राहिल्या. देवाला खरडायचं म्हणजे त्यांच्यावरून जावं लागलं असतं.

सरांनी मला विचारलं, "ताई, चुन्यावर आंबट पडलं की काय होतं?"

"फसफसतं," मी म्हणाले. "आणि सुटतं."

"अक्का," सर नम्रपणे म्हणाले, "मला सहदेवाला आंबिलीचा अभिषेक करायचा आहे."

आंबिल म्हणजे ज्वारीचं पीठ आणि आंबट ताक. आमच्या भागातली आंबिल चांगलीच आंबट असते, त्या गोऱ्यानं तोंड वाकडं केलं ते उगाच नाही. अभिषेकाला नाही म्हणणं अक्कांना शक्य नव्हतं. पण त्या काही काल जन्मलेल्या नव्हत्या. "कर," त्या म्हणाल्या. "पण मंत्र म्हणत कर. मंत्र थांबला की अभिषेक थांबला."

मग सर बसले. एका हातानं तांब्यानं आंबिल ओतत होते, दुसऱ्या हातानं नारळाच्या शेंडीनं देवाला आंघोळ घालत होते, आणि तोंडानं, "ॐ नमः शिवाय, ताई जरा उजेडातून सरका, ॐ नमः शिवाय, इथं बघा वळण, ॐ नमः शिवाय, अजून एक घडा आणा." चुना मऊ पडून थरांनी सुटू लागला. पांढरा, तांबडा, पांढरा, तांबडा, जितक्या वेळा अमावस्या झाल्या असतील तितके थर. एक घडा संपला, दुसरा लागला.

एवढ्यात शेजारच्या शेतातून दिगंबर तात्या आले. पिळदार मिशा, हातात स्वतःचा पेला, कारण विमानवाल्यांची आंबिल चांगली असते हे ते कबूल करत.

"काय गुरुजी, उतरलं का विमान?" नेहमीचा प्रश्न नेहमीच्या आवाजात आला. "अन् आंबिल कुठाय?"

"देवानं प्यायली," अक्का म्हणाल्या.

तात्या कोपीत डोकावले. सहदेव आता उघडा झाला होता. करड्या रंगाचा, चुन्यानं जागोजागी खाल्लेला, हलक्या धातूचा एक जाड पाय. इंजिनाला धरून ठेवणारा पाय असावा, असं सर पुटपुटले. त्याच्या कमरेत गंजलेला पोलादी बोल्ट, ज्याला चुंबक चिकटलं होतं. बोल्टाच्या डोक्यात आरपार बारीक भोक. आणि त्या भोकात, गंजून काळी पडलेली, पीळ दिलेली तार.

भावकी कोपीभोवती गोळा झाली आणि कुणीतरी तात्यांना आज्जीची गोष्ट सांगितली. सरांनी चुंबक सहदेवाच्या अंगाला लावून दाखवलं, चिकटलं नाही. "पहिला बरोबर." तारेला बोट लावलं. "दुसरा बरोबर." मग ते वाकून, डोळे बारीक करून, पायाच्या बुडाशी उठावाचे आकडे वाचू लागले. दोन अक्षरं दिसली, तीन आकडे दिसले. पुढचे चुन्यानं खाल्ले होते. त्यांनी आंबिलीचा हात फिरवला, परत पाहिलं. चष्मा पुसला, परत पाहिलं.

मी मनात म्हणत होते, सर, आता तरी.

सर उठून उभे राहिले. "तिसरा अर्धा," ते म्हणाले. "मुखेडच्या माणसाला मी यावर नाही म्हणालो असतो. मला प्रमाणपत्र देता येत नाही."

"कुणाला?" तात्यांनी विचारलं.

"बापूंना."

तात्यांचा पेला हातातच राहिला. मग ते भडकले. इतके भडकले की कोपीचा कडबा हलला. "गुरुजी, तुझं डोस्कं ठिकाणावर हाय का? बोल्टाला तार हाय! उचललं तर वजन न्हाई! तुझी आज्जी सांगती आभाळातनं पडलं! अन् तू म्हणतोस दोन आकडे दिसंनात? आमच्या ट्रॅक्टरला असली तार असती का? सोयाबीनच्या मळणीयंत्राला असती का? लिहून घे माझ्याकडनं, विमानाचं हाय! अरं, बापू खरं सांगत व्हता!"

 अक्का पदराच्या टोकाशी खेळत उभ्या होत्या, तो हात थांबला.

"तात्या," सर म्हणाले, "परत म्हणा."

"काय?"

"शेवटचं."

तात्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळी भावकी ऐकत होती. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, घसा खाकरला आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "बापू खरं सांगत व्हता. झालं समाधान? आता आंबिल काढा कुठं लपवली असली तर."

अक्कांनी आत ठेवलेला शेवटचा घडा त्यांच्यापुढे आणून ठेवला. पेला त्यांनी स्वतःच भरून दिला, काठोकाठ.

सर हे सगळं मुद्दाम करत होते का, हे मी त्यांना पुढे विचारलं. ते म्हणाले, "ताई, आकडे खरंच अर्धे होते." एवढंच. जेवणं झाल्यावर मी मोबाइल काढून म्हणाले, फोटो घेते, तुमच्या ग्रुपवर टाका. तिकडचे लोक लगेच हो म्हणतील. सरांनी मान हलवली. "देवाचा फोटो परक्यांत कशाला?" मग ते स्वतः चुन्याची वाटी घेऊन अक्कांच्या शेजारी बसले. बोल्टाचं डोकं तेवढं उघडं ठेव, असं त्यांनी दोनदा सांगून पाहिलं. "देवाला भोक ठेवत्यात व्हय?" म्हणत अक्कांनी तेही लिंपून टाकलं. सहदेव परत पांढरा झाला आणि भावांच्या ओळीत जाऊन बसला.

त्यानंतरच्या रविवारी ओसरीत दरबार भरला नाही. गुडघ्यांसाठी हैदराबादला ये म्हणून मुलगा कितीतरी दिवस मागे लागला होता. सर आता तयार झाले. निघायच्या आधी ते शाळेत येऊन सगळ्यांना भेटून गेले, कपाटाजवळून सरळ चालत. गळ्यात एकच दोरा होता.

पण माझ्या डोळ्यांपुढे ते राहिलेत ते त्या संध्याकाळचे. दिवस कलला की वेळा अमावस्येला कडब्याचा टेंभा पेटवून पिकाभोवती फिरवतात. त्या दिवशी टेंभा तात्यांनी घेतला, दुसऱ्याच्या शेतात, कुणी न सांगता. मला लातूरला परत नेणारी जीप बांधावरून निघाली होती. मी मागे वळून पाहिलं. ज्वारीच्या कणसांवरून तो उजेड पळत होता. तात्या टेंभा आडवा धरून, पंखासारखा डावी-उजवीकडे झुकवत धावत होते आणि मागच्या लोकांना ओरडून सांगत होते, "इकडनं आलं बघा! असं! ह्या बाभळीला घासलं! अन् हितं टेकलं!"

आणि त्यांच्या मागे, धोतर हातात धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी जमेल तेवढे धावत सर ओरडत होते, "तात्या, पूर्वेकडनं न्हाई! दक्षिणेकडनं! बापू म्हणायचे, दक्षिणेकडनं!"

तात्या थांबले, मागे फिरले, आणि विमान परत दक्षिणेकडून आणायला लागले.